कोड ‘प्रतिकारशक्ती कमी झाल्यानं’ होत नाही, कृपया दुरुस्ती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पांढऱ्या डागांवर, म्हणजे कोडावर एक लेख आला होता. त्यात लिहिलं होतं की शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडली की असे डाग येतात, म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे घ्या, आंबट बंद करा, मासे आणि दूध एकत्र खाऊ नका. आणि त्याच पानावर खाली चौकटीत कोड मुळापासून बरं करून देतो म्हणणारी जाहिरात. मी मिरजेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि माझ्या धाकट्या बहिणीला कॉलेजात असल्यापासून कोड आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्या जवळचा आहे. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, पण प्रतिकारशक्तीबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका ही विनंती, कारण लेखात नेमकं तेच उलटं छापलं गेलंय.

कोडात प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. ती चामडीच्या ठरावीक जागी, ठरावीक पेशींवर, गरज नसताना चालून गेलेली असते. आपल्या त्वचेचा रंग मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात, त्या वरच्या थराच्या अगदी तळाशी बसलेल्या असतात आणि रंगाचे कण बनवून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. डाग पडतो तिथं या रंगपेशी मारल्या गेलेल्या असतात, आणि मारणाऱ्या असतात आपल्याच सीडी8 टी पेशी, ज्यांचं एरवीचं काम व्हायरस शिरलेल्या पेशी शोधून नष्ट करणं हे आहे. म्हणजे पेशी कमजोर नाहीत, उलट त्या त्यांचं काम फार नेटानं करतायत, फक्त ज्यांना मारायचं नाही त्यांना मारतायत.

आता प्रश्न असा की एवढ्या मोठ्या शरीरात त्या टी पेशींना नेमकं पापणीवर किंवा ओठाच्या कडेला किंवा घोट्यावर जायचं हे सांगतं कोण. इथं येतात ते निरोप पोचवणारे रेणू, सायटोकाइन. हा शब्द कोविडमध्ये सगळ्यांच्या कानावरून गेलाय, सायटोकाइन स्टॉर्म म्हणून, तेव्हा तो वाचकांना जड जाईल असं मला वाटत नाही. सायटोकाइन म्हणजे एका पेशीनं दुसरीला पाठवलेला निरोप, छोट्या प्रथिनाच्या रूपातला. कोडात यातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप म्हणजे इंटरफेरॉन गॅमा.

सुरुवात बहुतेक रंगपेशीच्या स्वतःच्या अडचणीतून होते. रंग बनवताना त्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी त्रासदायक द्रव्यं आपसूक तयार होतात, निरोगी पेशी ती निस्तरते, कोड असलेल्या माणसाच्या रंगपेशींना ते तितकंसं जमत नाही, त्यात उन्हाचा, जखमेचा किंवा एखाद्या केमिकलचा ताण पडला की ती पेशी धोक्याची चिन्हं बाहेर सोडायला लागते, त्यात एचएसपी70 नावाचं प्रथिन असतं, आणि मग जवळपासच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात. त्या रंगपेशीतल्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना नेऊन दाखवतात. इथून पुढं टी पेशी त्वचेत उतरतात आणि इंटरफेरॉन गॅमा सोडतात.

पुढची पायरी मला वर्गात शिकवायला सगळ्यात आवडते. हा इंटरफेरॉन गॅमा सगळ्यात जास्त ऐकतात कोण तर रंगपेशी नव्हे, त्यांच्या शेजारच्या साध्या त्वचापेशी, केराटिनोसाइट. त्यांच्या अंगावर या निरोपासाठी रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन असतं, निरोप पोचला की आतल्या बाजूला जॅक1 आणि जॅक2 ही एन्झाइम चालू होतात, ती स्टॅट1 नावाच्या प्रथिनाला कामाला लावतात, स्टॅट1 केंद्रकात जातं आणि काही जीन चालू करतं, आणि मग ती त्वचापेशी सीएक्ससीएल9 आणि सीएक्ससीएल10 असे दोन रेणू बाहेर सोडायला लागते. हे रेणू म्हणजे बोलावणं. टी पेशींवर सीएक्ससीआर3 नावाचा रिसेप्टर असतो, त्यानं त्यांना हा रेणू कळतो आणि साखरेच्या मागावर मुंग्या याव्यात तशा त्या जिकडं हा रेणू दाट तिकडं सरकत येतात. आल्या की त्याही इंटरफेरॉन गॅमा सोडतात, मग आणखी सीएक्ससीएल10, मग आणखी टी पेशी. एकदा हे चक्र लागलं की ते स्वतःच स्वतःला चालवत राहतं आणि डाग कडेकडेनं वाढत जातो. लोक विचारतात की एवढासा ठिपका होता तो तळव्याएवढा कसा झाला, तर असा झाला.

हे अंदाजपंचे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले डॉक्टर जॉन हॅरिस आणि त्यांच्या टीमनं उंदरांमध्ये कोडासारखी स्थिती तयार केली आणि 2012 मध्ये दाखवलं की इंटरफेरॉन गॅमा अँटिबॉडीनं अडवला तर डाग पडणं थांबतं. मग 2014 मध्ये त्यांनीच दाखवलं की कोडाच्या रुग्णांच्या त्वचेत आणि रक्तात सीएक्ससीएल10 वाढलेलं असतं, ज्या उंदरांमध्ये ते बनतच नाही त्यांना डाग फारसे पडत नाहीत, आणि ज्या उंदरांना आधीच मोठे डाग पडलेत त्यांच्यात ते अडवलं तर रंग परत येतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बहिणीला फोन करून वाचून दाखवलं होतं, कारण आयुष्यभर तिनं जे ऐकलंय ते म्हणजे पोटातली उष्णता, रक्तातला दोष, मागच्या जन्माचं काहीतरी, आणि इथं पहिल्यांदा कोणीतरी बोट ठेवून सांगत होतं की हा रेणू, या पेशीतून, या कारणानं.

या माहितीचा घरात लगेच उपयोग होतो, म्हणून ती छापा असं म्हणतेय. पहिली गोष्ट म्हणजे घाई. डाग वाढत असतो तेव्हा त्या कडेला टी पेशी हजर असतात, आणि त्याच वेळी औषधाला करण्यासारखं सगळ्यात जास्त असतं. आजूबाजूला अक्षता टाकल्यासारखे बारीक बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले, किंवा जिथं खरचटलं, ओरखडा उठला, बेल्ट किंवा परकराची नाडी घट्ट बसते तिथं नवीन पांढरा पट्टा उमटायला लागला, तर रोग चालू आहे असं समजावं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडं जावं, त्याच आठवड्यात. आमच्याकडं काय होतं, आधी वर्षभर घरचे उपाय, मग कोणाच्या तरी ओळखीचे वैद्य, मग गावोगावच्या पुड्या, मग लग्न ठरायच्या वेळी स्किन स्पेशालिस्ट. तोवर रंगपेशी संपून गेलेल्या असतात. रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळाशी राखून असलेल्या पेशींमधून, म्हणून चेहऱ्यावर, जिथं बारीक लव भरपूर, तिथं रंग लवकर भरतो, आणि बोटांची टोकं, ओठ अशा बिनकेसांच्या जागी फार अवघड जातं. डागातला केसही पांढरा झाला असेल तर तो साठा गेला असं धरतात. बहिणीच्या हाताच्या बोटांचं तसंच झालं.

दुसरी गोष्ट, उपचार. लोकांना वाटतं यावर काहीच औषध नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टर पसरिचा आणि खेतान यांनी 1993 मध्ये स्टिरॉइडची गोळी आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस द्यायची पद्धत मांडली, झपाट्यानं पसरणारं कोड त्यानं बहुतेकांमध्ये थांबलं, आणि ती पद्धत आज जगभर वापरतात. हे आपल्या देशातलं काम आहे आणि आपल्याच पेपरात कधी वाचायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. टॅक्रोलिमस मलम आहे, ते टी पेशींना चेतवणारी वाट बंद करतं. आणि नॅरोबँड यूव्ही-बी, 311 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, तो एकीकडं टी पेशींना दाबतो आणि दुसरीकडं केसाच्या मुळातल्या राखीव रंगपेशींना वर यायला लावतो. आपल्याकडं बावचीचं बी कोडावर फार जुन्या काळापासून वापरतात, त्यात सोरॅलेन असतात आणि ते उन्हाबरोबर काम करतात हे खरंच आहे, पण घरी बावचीचा लेप लावून दुपारच्या उन्हात बसल्यानं भाजून फोड आलेले लोक मी बघितलेत, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी वाढू शकतं हे वर नाडीच्या बाबतीत सांगितलंच.

आता जॅक. वरच्या साखळीत जॅक1 आणि जॅक2 मध्ये येतात ना, तर ती एन्झाइम अडवणारी औषधं आधीच बाजारात होती, संधिवातासाठी, रक्ताच्या एका आजारासाठी. 2015 मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी टोफासिटिनिब ही संधिवाताची गोळी कोडाच्या रुग्णाला दिली आणि रंग परत आल्याचं छापलं. मग रुक्सोलिटिनिबचं दीड टक्क्याचं मलम आलं, 674 रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि जुलै 2022 मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं ते 12 वर्षांच्या पुढच्या रुग्णांसाठी मंजूर केलं. कोडात गेलेला रंग परत आणण्यासाठी तिथं मंजूर झालेलं हे पहिलं औषध. पुढच्या वर्षी युरोपनंही मंजुरी दिली. चोवीस आठवड्यांनी साधारण 30 टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचं कोड तीन चतुर्थांश किंवा जास्त भरून आलं, औषध न घातलेलं नुसतं मलम लावणाऱ्यांत हेच प्रमाण एका चाचणीत 7 आणि दुसरीत 11 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि वर्षभर लावलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तेवढा फायदा झाला. हे आकडे मी मुद्दाम देतेय, कारण शंभर टक्के गॅरंटी म्हणणाऱ्यांच्या देशात 30 टक्के हा आकडा लहान वाटेल, पण तो खरा आकडा आहे, डबल ब्लाइंड चाचणीतला, म्हणजे खरं औषध कोणाला मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं अशा चाचणीतला, आणि तो चेहऱ्याचा आहे, हातापायाच्या बोटांना इतका फरक पडत नाही.

आपल्याकडंही काही त्वचारोगतज्ज्ञ टोफासिटिनिब वापरतात. इथं एक गोष्ट मोठ्या अक्षरात छापावी अशी आहे. इंटरफेरॉन गॅमा हा काही वाईट रेणू नाही. टीबीच्या जंतूला कोंडून ठेवायला शरीर ज्याच्यावर अवलंबून असतं तोच हा रेणू. टीबी गोल्ड नावाची जी रक्ततपासणी लॅबमध्ये होते ना, त्यात मोजतात ते इंटरफेरॉन गॅमाच. म्हणून जॅक अडवणारी गोळी सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या, आणि नागीण, रक्ताच्या गुठळ्या, हृदयाचे त्रास याबद्दल डॉक्टरांशी बोलणं हे सगळं व्हायला पाहिजे. आपल्या देशात झोपलेला टीबी कितीतरी लोकांच्या अंगात असतो. कोणी यूट्यूबवर बघून मेडिकलमधून स्वतः गोळी आणून खाऊ नये, कळकळीनं सांगते. रुक्सोलिटिनिबच्या मलमाचंही तेच, अमेरिकेत ते एका वेळी अंगाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त भागावर लावू नये असं सांगितलेलं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती बहिणीमुळं मला ठाऊक आहे. तिचे गालावरचे डाग लाइट घेऊन पूर्ण भरले होते. सगळे खूश, उपचार बंद केले, आणि काही महिन्यांनी डाग परत आले, नवीन ठिकाणी नव्हे, बरोब्बर त्याच जागी, त्याच आकारात. मग सासरच्या माणसांनी तिलाच धरलं, तू पथ्य पाळलं नाहीस, लोणचं खाल्लंस, त्या लग्नात श्रीखंड खाल्लंस. ती वर्षानुवर्षं ताटातलं लिंबू बाजूला काढत होती. डाग परत येण्याचं कारण ताटात नव्हतंच. टी पेशींपैकी काही त्या जागी कायमच्या वस्तीला राहतात, त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणता येईल, बाहेरून सगळं छान दिसत असतं, रंग भरलेला असतो, पण त्या आत बसून असतात, आणि उपचार थांबला की परत इंटरफेरॉन गॅमा सोडून बाकीच्यांना बोलावतात. त्यांना जगवून ठेवणारा निरोप वेगळा आहे, इंटरल्यूकिन 15. 2018 मध्ये हॅरिस यांच्याच टीमनं दाखवलं की उंदरांमध्ये या इंटरल्यूकिन 15 चा रिसेप्टर थोडे दिवस अडवला तर या वस्तीच्या पेशी कमी होतात आणि रंग नंतरही बराच काळ टिकतो. त्या दिशेनं माणसांवरही चाचण्या सुरू झाल्या.

पण तोवर वाट बघत बसायचं कारण नाही. फ्रान्समध्ये 2015 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, रंग भरून आल्यावर टॅक्रोलिमस मलम आठवड्यातून फक्त दोनदा लावत राहायला सांगितलं, तर सहा महिन्यांत परत पांढरे झालेले डाग 10 टक्क्यांच्या आत राहिले, आणि साधं मलम लावणाऱ्यांत ते 40 टक्के होते. आठवड्यातून दोनदा. एवढी साधी गोष्ट. डाग भरला म्हणजे संपलं असं समजू नका, डॉक्टरांना विचारा की आता टिकवायला काय करायचं, हे एक वाक्य जरी तुमच्या पेपरातून घराघरात गेलं तरी किती बायकांचं रडणं वाचेल. मी बायकांचं म्हणतेय कारण कोड पुरुषांना आणि बायकांना जवळपास सारखंच होतं, पण त्यावरून टाकून दिलेल्या मी पाहिल्यात त्या बायकाच.

परत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांकडं येते. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच जास्तीची चालू आहे त्यात ती आणखी वाढवा असा सल्ला देणं धोक्याचं आहे. कोविडच्या काळात लोक गुळवेल रोज पीत होते, आणि मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये लिव्हरला इजा झालेल्या 6 रुग्णांची माहिती छापली, त्यात काहींच्या बाबतीत ती इजा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली होती हेही सांगायला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ‘इम्युनिटी’ म्हणजे मीटरवरचा एकच काटा नव्हे की वर गेला की चांगलं. त्यात शेकडो निरोप असतात. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन 17 अडवला की त्वचा सुधारते, म्हणून तेच औषध कोडात वापरून बघितलं तर उपयोग झाला नाही, उलट बहुतेकांचे डाग वाढले. कोणता निरोप, कोणत्या पेशीकडून, कोणत्या पेशीला, हे बघावं लागतं. यातली सगळ्यात मोठी साक्ष कॅन्सरच्या वॉर्डातून येते. मेलॅनोमा हा रंगपेशींचाच कॅन्सर, त्यात टी पेशींचा लगाम सोडणारी इम्युनोथेरपी देतात, आणि त्यातल्या काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उमटतात, आणि ज्यांना असे डाग येतात ते साधारणपणे जास्त जगतात असं दिसलंय. प्रतिकारशक्ती खरोखर वाढवली की काय होतं ते तिथं दिसतं.

खाण्याचं सांगते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं कोड होतं हे कोकणापासून कोल्हापूरपर्यंत सगळे मानतात, पण वर सांगितलेल्या साखळीत कुठंही मासा येत नाही, आणि दुधात किंवा सायीत शिजवलेले मासे जगात कितीतरी ठिकाणी रोजचे खाल्ले जातात. आंबट बंद केल्यानं कोड थांबतं याला आधार नाही. मुलीचं ताक, लिंबू, चिंच, टोमॅटो बंद करून तिला अळणी जेवायला घालू नका.

याउलट ज्याच्याकडं कोणी बघत नाही ती म्हणजे टिकली. स्वस्त टिकल्यांच्या मागच्या गोंदात पॅराटर्शरी ब्यूटिल फिनॉल असू शकतं, आणि त्यामुळं कपाळाच्या मधोमध पांढरा गोल पडल्याची उदाहरणं आपल्या देशातल्या डॉक्टरांनी कितीतरी नोंदवलीत. रबराच्या चपलेच्या पट्ट्याखाली तसंच होतं. हे 1939 पासून माहिती आहे, अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर रबरी ग्लोव्हजमधल्या केमिकलमुळं डाग पडले होते तेव्हापासून. जपानमध्ये 2013 मध्ये रोडोडेंड्रॉल घातलेली गोरं करणारी क्रीम बाजारातून परत घ्यावी लागली, हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर पांढरे डाग आले होते. ही फिनॉल जातीची केमिकल रंगपेशीत शिरून तिच्यावर ताण आणतात आणि ती पेशी इंटरल्यूकिन 6 आणि इंटरल्यूकिन 8 असे निरोप सोडायला लागते असं प्रयोगशाळेत दिसलंय, म्हणजे परत गोष्ट तिथंच येते. कपाळाला टिकलीखाली खाज येत असेल किंवा रंग फिका पडायला लागला असेल तर टिकली ताबडतोब बंद करा, कुंकू लावा किंवा काहीच लावू नका.

लग्नाबद्दल लिहायचं नव्हतं पण लिहावंच लागेल. कोड शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एकत्र झोपल्यानं होत नाही, कारण जंतूच नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही, कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना कमी झालेली असते, कोडाच्या डागाला स्पर्श, टोचणं, गरम-गार सगळं कळतं. आनुवंशिकता आहे, पण लोक समजतात तशी नाही. जुळ्या भावंडांत, अगदी एकसारखे जीन असलेल्या जुळ्यांत सुद्धा, एकाला कोड असेल तर दुसऱ्याला ते असण्याचं प्रमाण 23 टक्के निघालं. म्हणजे सगळेच्या सगळे जीन सारखे असूनही चारातल्या तिघांना होत नाही. मग बहिणीला कोड आहे म्हणून मोठीचं स्थळ मोडणाऱ्यांनी कोणता हिशोब केला? आमच्या घरात हे झालेलं आहे. जगात साधारण शंभरात अर्ध्यापासून दोन माणसांपर्यंत कोड असतं, म्हणजे प्रत्येक मोठ्या वाड्यात, प्रत्येक शाळेत कोणीतरी आहे. एक मात्र करा, कोड असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण तोही स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं बिघडलेला अशा लोकांमध्ये जास्त सापडतो.

आता जाहिरातीचं. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा 1954 चा आहे. त्यात जे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला बंदी आहे त्यांची यादी दिलीय, आणि त्या यादीत ल्यूकोडर्मा, म्हणजे हेच पांढरे डाग, नाव घेऊन आहे. बंदी नुसत्या औषधवाल्याला नाही, अशी जाहिरात छापण्यात भाग घेणाऱ्यालाही आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी तुमच्यावर केस करायला हे लिहीत नाहीये, तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून येतो आणि पोरांना मी त्यातली कात्रणं वर्गात वाचून दाखवते. पण अशाच एका जाहिरातीवरचा नंबर बघून माझ्या वडिलांनी पोस्टानं औषध मागवलं होतं, त्या पावडरनं बहिणीच्या पायाला फोड आले आणि त्या जखमांवर नवे डाग आले. जाहिरात विभागाला ती यादी भिंतीवर लावायला सांगा.

आणि एक काम तुमच्या बातमीदारांना सांगा, ते फक्त पेपरच करू शकतो. नॅरोबँड यूव्ही-बीचं मशीन आपल्या भागातल्या कोणत्या सरकारी मेडिकल कॉलेजात आणि जिल्हा रुग्णालयात आहे, ते चालू आहे की बंद पडून आहे, कोणत्या वारी किती वाजता लाइट देतात, केसपेपर किती रुपयांचा, आणि टॅक्रोलिमस मलम तिथल्या औषध खिडकीवर मिळतं की बाहेरून आणावं लागतं. लाइट आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने घ्यायला लागतो, जत किंवा आटपाडीकडून येणाऱ्या माणसाचा प्रत्येक वेळी एक रोजगार बुडतो आणि एसटीचं भाडं जातं, आणि गेल्यावर मशीन बंद असलं तर तो दुसऱ्यांदा येत नाही. 25 जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन असतो, तोवर ही माहिती तालुक्यानिहाय छापलीत तर मी तिच्या झेरॉक्स काढून आमच्या कॉलेजच्या आणि आजूबाजूच्या शाळांच्या बोर्डावर लावीन.

आपली नियमित वाचक,
जीवशास्त्र शिक्षिका, मिरज